शनिवारी गाडी ॲव्हरिल चालवते

त्या शनिवारी सकाळी डोंगरावर कमान उठली होती. वर ढगांचं काळपट छप्पर आणि त्याच्याखाली, कड्यांना अगदी लागून, निळ्या आभाळाची स्वच्छ पट्टी. बाहेरचे लोक तिचे फोटो काढतात. किलडाउनची माणसं ती बघून वाळत घातलेले कपडे आत घेतात, कुत्री बांधतात आणि नवरा-बायको एकमेकांशी जरा जपून बोलायला लागतात. कमान उठली की दिवस मावळेपर्यंत वायव्येचा गरम वारा सुटणार, सगळ्यांची डोकी फिरणार, बर्फावर पाऊस पडणार आणि डोंगर सैल होणार. यात सहसा चूक होत नाही.

ॲव्हरिल स्टोक्सला कमान दिसली ती डोळ्याच्या कोपऱ्यातून. सरळ समोर बघितलं तर तिथे राखाडी डाग होता. भिंतीकडे बघितलं की डाग भिंतीवर, माणसाकडे बघितलं की माणसाच्या तोंडावर. कडेकडेचं सगळं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघायचं तेच नेमकं दिसायचं नाही. जूनमध्ये, हिवाळा लागताना, क्राइस्टचर्चच्या डॉक्टरणीने तिला समजावून सांगितलं होतं. "कडेचं राहील, मधलं जात राहील. आणि गाडी आजपासून बंद बरं का." ॲव्हरिलने मान डोलावली, खाली आली, गाडीत बसली आणि थेट किलडाउनला घरी आली. वाटेत तिने दोनदा हॉर्न खाल्ले आणि दोन्ही वेळा समोरच्यालाच शिव्या दिल्या.

ती हट्टी होती, हे आमच्याकडे तिच्या तोंडावर सांगायची पद्धत होती. वयाच्या विशीत ती डेस स्टोक्सशी लग्न करून या गावात आली. डेसने आणि त्याच्या मित्रांनी हॅरो डोंगरावर स्की क्लब काढला होता. जुन्या ट्रकचं इंजिन वर नेऊन त्याला कप्प्या आणि जाड दोर जोडला, आणि बर्फावरून माणसं वर ओढायची सोय केली. तो दोर अजून तसाच चालतो. कमरेला पट्टा बांधायचा, पट्ट्याला साखळीने लोखंडी चिमटा लटकवायचा, धावत्या दोराबरोबर घसरत वेग घ्यायचा आणि चिमटा दोरावर फेकून मिटायचा. त्या चिमट्याला सगळे अडकित्ता म्हणतात आणि त्याने काय कातरलं जाऊ शकतं याचे किस्से नव्या माणसाला पहिल्याच जेवणात सांगतात. ॲव्हरिलच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं त्याच दोराच्या पहिल्या कप्पीने नेली. ती टोकं तिने डेसला शोधायला लावली होती, आणि सापडली नाहीत म्हणून वर त्यालाच बोलली होती.

बोटं गेल्यावर तिने दोराच्या पायथ्याची जागा धरली ती सोडलीच नाही. हिवाळ्यातला प्रत्येक शनिवार-रविवार ती तिथे उभी. एका हाताशी दोर थांबवायचं लाल बटण, दुसऱ्या हातात कात्री. धावता दोर स्वतःभोवती पीळ खात असतो. एखादं सुटं टोक त्याला लागलं, मग ती वेणी असो, नाडी असो की मफलर, तर दोर ते गुंडाळून घेतो आणि माणसाला कप्पीपर्यंत नेतो. म्हणून रांगेत उभ्या प्रत्येकाला ॲव्हरिल न्याहाळायची. "ते आत खोच." "केस बांध." दोनदा सांगून ऐकलं नाही तर कात्री चालायची. एका बँकेच्या मॅनेजरच्या टोपीचा गोंडा तिने उडवला होता, एका नवरीच्या झिपऱ्या कापल्या होत्या. लोक चिडायचे, पण दोर चालू झाल्यापासून तिच्या पाळीवर कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. तिची नजर घारीची, असं सगळे म्हणायचे. तिलाही ते फार आवडायचं.

सोमवार ते शुक्रवार ती गावातल्या शाळेची बस चालवायची. निवृत्त झाली तेव्हा शाळेने तिला खुर्ची दिली. त्या खुर्चीत ती कधीही बसली नाही.

या हिवाळ्यात तिच्यात एक बदल झाला होता. रांगेतल्या प्रत्येकाच्या खांद्यावरून, पाठीवरून, कमरेवरून ती हात फिरवायची, मग जाऊ द्यायची. लोकांना वाटलं, म्हातारी वयाबरोबर मायाळू झाली. क्लबचा कॅप्टन ट्रेव्हर हेग तर म्हणाला, "ॲव्हरिल, अगं मला माझी बायकोसुद्धा इतकं कुरवाळत नाही." सगळे हसले. ॲव्हरिलही हसली आणि बोटांनी त्याच्या पट्ट्याचं टोक चाचपून आत सारलं.

त्या शनिवारी तिचा मुलगा ग्रांट, त्याची बायको रेवा आणि त्यांची अकरा वर्षांची ब्रिडी वर आले होते. रेवा कायापोईची, समुद्राकाठी वाढलेली. तिला हा दोर कधीच आवडला नव्हता. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिने सासूला तोंडावर सांगितलं होतं, "ॲव्हरिल, तुमच्या क्लबला खुर्च्यांचा पाळणा परवडत नसेल तर वर्गणी काढा. हे यंत्र कसायाच्या दुकानातलं आहे." त्यावर दोघींचं वर्षभर धड बोलणं नव्हतं. ब्रिडीला दोरावर जायचं होतं आणि रेवा दर हिवाळ्यात पुढच्या वर्षावर ढकलत होती. यंदा मात्र ती तयार झाली. का झाली, ते तिने फोनवर सांगितलं होतं. "खाली तुम्ही असता म्हणून. दुसरं कुणी असतं तर मी पाठवली नसती." फोन ठेवल्यावर ॲव्हरिल स्वयंपाकघरात बराच वेळ नुसती उभी राहिली होती. सुनेकडून असं वाक्य मिळवायला तिला बारा वर्षं लागली होती. त्याच वेळी सांगून टाकायला हवं होतं. तिला ते कळत होतं, आणि तिने सांगितलं नाही.

सकाळ शांत होती. वारा पडलेला, बर्फ कडक, आणि कमानीखालून येणारा उजेड जरा जास्तच पिवळा. ब्रिडी रांगेत आली, नवा पट्टा, नवा अडकित्ता, हातावर चामड्याचे जाड मोजे.

"आजी, मी कशी दिसते?"

"तुझ्या आजोबांसारखी. फक्त मिशा कमी आहेत."

"ॲव्हरिल," रेवा शेजारी उभी होती, "हिला पहिल्या कप्पीशी दोरावरचा हात काढायचं नीट सांगितलंय ना? काल गाडीत मी तीनदा विचारलं तर ग्रांट म्हणतो, तिला कळतं. काय कळतं? स्वतःला वीस वर्षांचा होईपर्यंत कळत नव्हतं."

ॲव्हरिल तिला उत्तर द्यायला वळली. हात ब्रिडीच्या खांद्यावरून पाठीवर आला होता, कमरेपर्यंत जायचा राहिला. "सगळं आत आहे ना गं?" तिने विचारलं. "हो," ब्रिडी म्हणाली. आणि ती निघाली.

अडकित्ता पहिल्याच फेकीत दोरावर बसला. रांगेतून टाळ्या पडल्या. ॲव्हरिलने पाहिलं तर समोर डाग, आणि डागाच्या कडेने सरकणारा लाल रंगाचा जाकिटाचा तुकडा. मग दोराचा आवाज बदलला. एरवी तो एकसारखा गुणगुणतो, तो आता अडखळला, जरा खाली आला, पुन्हा अडखळला. ॲव्हरिलच्या हाताने बटण दाबलं.

दोर थांबला तेव्हा ब्रिडी पहिल्या कप्पीपासून हातभर अंतरावर होती. नव्या पट्ट्याचं लांब टोक बाहेर राहिलं होतं आणि दोराने ते गुंडाळून घेतलं होतं. अडकित्ता उघडत नव्हता, मोजा टोकाबरोबर पिळात गेला होता, आणि मोज्यात हात होता. ग्रांट धावत चढला. खालून ॲव्हरिलची कात्री कुणीतरी वर फेकली. पट्टा कापला, हात बाहेर आला. मनगटावर लाल वळ आणि बाकी काही नाही.

"बघितलंत?" ट्रेव्हर सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं ओरडला. "एवढ्या लांबून पट्ट्याचं टोक दिसलं हिला! अरे, मी शेजारी उभा होतो, मला नाही दिसलं!"

रेवाने ॲव्हरिलच्या गळ्यात हात टाकले. ती रडत होती. "थँक्यू," ती म्हणत राहिली, "थँक्यू, आई." आई हा शब्द तिने आजवर कधी वापरला नव्हता. ॲव्हरिलला बोलायचं होतं. तोंड उघडलं आणि तेवढ्यात पुढचा माणूस म्हणाला, "चला, सुरू करा की." तिने दोर सुरू केला.

दुपारनंतर वारा सुटला. कोमट, जोराचा, कानात भरणारा. दोर लवकर बंद केला. छपरांवरून पाणी ठिबकायला लागलं आणि सगळे रात्री जिथे मुक्काम करतात त्या डोंगरावरच्या झोपडीत कड्यांकडून दगड घरंगळल्याचे आवाज येऊ लागले. आधी लांबून, मग जवळून.

शनिवारी रात्रीचं जेवण मात्र खाली गावात, 'ड्रोव्हर्स' खानावळीतच. ते चुकवायचं नसतं. क्लबची गाडी सगळ्यांना घेऊन उतरते. उतरताना ट्रेव्हर चालवतो, चढताना ॲव्हरिल. या पाळीमागे कारण आहे. डेस एका शनिवारी याच खानावळीतून पिऊन निघाला आणि तिसऱ्या वळणावरून खाली गेला. तेव्हापासून ॲव्हरिलने दारूचा थेंब घेतला नाही, आणि तेव्हापासून गल्ल्यामागचा क्लेम गाडीची किल्ली आल्या आल्या काढून घेतो, खिळ्याला अडकवतो आणि शेवटच्या गोडाबरोबर ती ॲव्हरिलच्या ताटाशी आणून ठेवतो. दुसऱ्या कुणाला देत नाही. त्यामुळे बाकीचे मनसोक्त पितात. शुद्धीवरचा माणूस गाडी चालवणार म्हणजे आम्ही बिनघोर. शुद्धीवर असणं आणि दिसणं या दोन गोष्टी आहेत, हे आमच्यात कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

या हिवाळ्यात तिने गाडी वर नेली होती ती पाठांतराने. इथे पूल वाजतो, इथे गुंडगोटे लागतात, इथे दोनचा गिअर, इथे डाव्या काचेशी काळा कडा येतो. गेल्या शनिवारी उजवं चाक बांधाला घासलं होतं. "बर्फ," ती म्हणाली होती. आणि मागे बसलेल्यांनी गाणं चालू ठेवलं.

'ड्रोव्हर्स'मध्ये चुलाण पेटलेलं होतं, खिडक्यांवर पाऊस आडवा मारत होता आणि छपराचा एक पत्रा सुटून सारखा आपटत होता. बोलायचं तर ओरडावं लागत होतं.

"काय घेणार, ॲव्हरिल?" क्लेमने विचारलं.

"नेहमीचं. मटण रोस्ट, पुदिन्याची चटणी."

"अगं बाई, फळ्यावर हातभर अक्षरात लिहिलंय की आज रोस्ट नाही. भट्टी बिघडलीय. मासे आहेत."

"मग मासे. फळा वाचायला मी इथे येत नाही."

"हो, तुझी नजर दोरासाठी राखीव!" ट्रेव्हर म्हणाला आणि टेबल हसलं. मग त्याने पेला उचलला. "ॲव्हरिलच्या डोळ्यांना!"

सगळ्यांनी पेले उचलले. ॲव्हरिलने टेबलाभोवती नजर फिरवली. प्रत्येक तोंडाच्या जागी डाग, आणि डागाभोवती केस, कान, कॉलर. शेजारी ब्रिडी, मनगटाला बर्फाची पिशवी बांधून, ती आजीच्या दंडाला टेकली होती. माशाचे काटे ॲव्हरिल जिभेने शोधत होती.

"उद्या परत जाणार मी," ब्रिडी म्हणाली. "आई हो म्हणाली."

"म्हणाले," रेवा लाल वाइनचा पेला पुढ्यात घेऊन बसली होती, तिचा आवाज मऊ झाला होता. "आज सकाळी मला वाटलं होतं, संपलं, परत कधी नाही. पण मग विचार केला, तुम्ही आहात तोवर हिला काही होणार नाही. खरंच सांगते, मला आता भीती वाटत नाही."

ॲव्हरिलने ताटली बाजूला सारली. तिला भीती वाटत होती, एवढी की हात टेबलाखाली नेऊन तिने एकात एक अडकवले.

क्लेम शेवटचं गोड, मेरिंगचा केक, घेऊन आला. वर मलई, किवी. ताटली ठेवली आणि शेजारी किल्ली. लोखंडाचा लाकडावर छोटासा आवाज झाला.

"रस्ता साफ करणारा आत्ताच खाली आला," क्लेम वाकून म्हणाला. "म्हणतो, तिसऱ्या वळणावर दगड यायला लागलेत. दोन मोठे त्याने ढकलले. अजून येतील. डोळे उघडे ठेव गं."

वळणं तिला पाठ होती. आज पडलेले दगड पाठ नव्हते.

"आज इथेच राहू या," ती म्हणाली. "क्लेमकडे वर खोल्या आहेत."

"का?" ट्रेव्हरने विचारलं.

"रस्ता वाईट आहे."

"दगडांना घाबरायला लागलीस?" ट्रेव्हर म्हणाला. "मला पहाटे वर असायला हवं, ॲव्हरिल, उताराचा बर्फ तपासायचाय, या पावसाने सगळं सुटायला आलंय. आणि तुला तो रस्ता डोळे मिटून येतो की. चल, खा लवकर."

"आई, अगं तू असताना कसली काळजी," ग्रांट म्हणाला. त्याच्या बोलण्यात तिसरा पेला ऐकू येत होता. बापाचाही असाच ऐकू यायचा.

माणसं कोट चढवू लागली. ब्रिडी पेंगत होती. ती गाडीत पुढे बसणार होती, आजीच्या शेजारी. तिने सकाळीच ती जागा मागून ठेवली होती.

ॲव्हरिलने हात पुढे केला. लोकांना वाटलं किल्लीकडे. हात चाचपत किल्लीच्या पलीकडे गेला, रेवाचा पेला सापडला, तो तिने उचलला आणि उभ्या उभ्या तळापर्यंत प्यायला. थोडी वाइन हनुवटीवरून ओघळली. मग तिने ट्रेव्हरचा पेलाही घेतला.

आधी कुणीतरी हसलं. मग गल्ल्यामागे क्लेमने हातातलं फडकं खाली ठेवलं, आणि मग कुणीच हसेना. तिला पिताना बघितलेलं माणूस त्या खोलीत एकच होतं, आणि ते क्लेम होतं. तेही डेस जिवंत असताना.

"आई, काय करतेस तू?" ग्रांट म्हणाला. "आता गाडी कोण नेणार?"

"कुणी नाही," ॲव्हरिल म्हणाली. "हेच हवं होतं मला. आता मला कुणी चालवू देणार नाही ना? झालं तर."

ती इथे थांबली असती तर चाललं असतं. म्हातारीचं डोकं वाऱ्याने फिरलं म्हणून सगळे क्लेमच्या खोल्यांत झोपले असते, आणि सकाळी नऊला ती दोराशी उभी राहिली असती. तिच्या ते मनात येऊन गेलं. तेवढ्यात ब्रिडीने तिच्या बाहीला धरलं, आणि तिने खाली बघितलं. लाल जाकीट दिसलं, मनगटावरची पिशवी दिसली. तोंड दिसलं नाही.

"मला दिसत नाही," ॲव्हरिल म्हणाली. वाऱ्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही, म्हणून तिने ओरडून सांगितलं. "मला दिसत नाही! जूनपासून. तुमच्यातल्या एकाचंही तोंड मला दिसत नाहीये."

पत्रा आपटत होता. ट्रेव्हरने अर्धा चढवलेला कोट काढला. त्याला गेला शनिवार आठवला असावा, आणि त्याआधीचे, कारण त्याने तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि ते तिथेच ठेवले.

रेवाने ब्रिडीला हाताला धरून स्वतःकडे ओढलं, टेबलाच्या तिच्या बाजूला. मग ती बोलली, फार जोरात नाही, पण ॲव्हरिलला तिचा शब्द न् शब्द कळला.

"सकाळी तुम्हाला पट्टा दिसला होता."

"नाही."

"मग थांबवलात कसा?"

"आवाजावरून. दोराचा आवाज बदलला."

रेवाने खिडकीकडे पाहिलं. बाहेर काहीतरी मोडून पडलं, फांदी असेल, आणि खिडकीची काच हादरली. सकाळ किती शांत होती, वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती, हे एव्हाना खोलीतल्या प्रत्येकाला आठवलं होतं.

"आणि हा वारा," रेवा म्हणाली, "हा सकाळीच सुटला असता तर?"

ॲव्हरिलने खिशातून कात्री काढली आणि किल्लीशेजारी ठेवली. नेम चुकला, कात्री ताटलीत पडली, केकच्या मलईत. तिने ती उचलायचा प्रयत्न केला नाही.

"तर मला ऐकू आलं नसतं," ती म्हणाली.